वच्छलाबाईंचं पत्र आणि नत्थुजींचा चुना

वच्छलाबाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं सहदेवराव निंभोरकर स्वतःला सांगत. पण राहून जातं ते दाढीचं पातं आणायचं, राहून जातं ते चष्म्याचा स्क्रू घट्ट करायचं. हे पत्र रोज सकाळी चहाच्या वेळी बाहेर निघे, पुन्हा एकदा वाचलं जाई आणि शब्दकोशात 'व'च्या पानांत परत जाई. ज्या गोष्टीची माणूस रोज इतकी उठबस करतो ती राहून गेली म्हणणं धाडसाचं होतं, आणि धाडस हा सहदेवरावांचा प्रांत नव्हता.

पत्र आलं होतं संक्रांतीच्या सुमारास, निळ्या शाईत, किंचित उजवीकडे कललेल्या अक्षरात. वच्छलाबाई अकोल्याच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि तरुणपणी अमरावतीच्या कॉलेजात सहदेवरावांच्या वर्गात असलेल्या. त्या काळी एका स्नेहसंमेलनात सहदेवराव भाषणाला उभे राहिले होते आणि 'अध्यक्ष महोदय' एवढं म्हणून खाली बसले होते. तेव्हा सभागृहात एकट्या वच्छलाबाईंनी टाळ्या वाजवल्या होत्या. ती टाळी कौतुकाची होती की थट्टेची, यावर सहदेवराव पुढे आयुष्यभर विचार करत आले. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देता-घेता त्यांना विचाराला वेळही भरपूर मिळाला.

पत्रात वच्छलाबाईंनी लिहिलं होतं: 'आम्ही पाच-सात बाया मिळून माझ्या घरी पुस्तकं वाचायचं ठरवलं आहे. अखाजीच्या संध्याकाळी सुरुवात. अक्षय्य तृतीयेला सुरू केलेलं सरत नाही म्हणतात. पहिल्या दिवशी तुम्ही तुमच्या आवडीच्या एखाद्या पुस्तकावर बोलावं. येता की नाही ते एका शब्दात कळवा. अखाजीपर्यंत उत्तर आलं नाही तर नाही असं समजेन, आणि पुन्हा विचारणार नाही.'

घोळ त्या 'एका शब्दात'नेच केला. वच्छलाबाईंनी दोन पानं मागितली असती तर सहदेवरावांनी चार लिहिली असती. एक शब्द म्हणजे लपायला जागाच नाही. 'येतो' लिहावं तर पिशवी भरून दाराशी बसल्यासारखं वाटतं. 'नाही' लिहावं तर ते उद्धट, शिवाय खोटं. त्याही आधी मायना अडला. 'प्रिय' म्हणणं या वयात शोभेल का? 'श्रीमती' म्हणजे त्यांच्या वैधव्याची त्यांनाच आठवण करून देणं. 'वच्छलाताई' सगळ्यात निर्धोक होतं, पण एका शब्दात वच्छलाबाईंना बहीण करून टाकायला सहदेवरावांचं मन का कोण जाणे तयार होईना.

असं सगळं असताना त्यांनी दोष दिला तो हाताला. हात कापतो, अक्षर पूर्वीसारखं येत नाही, अशा अक्षरात उत्तर पाठवणं म्हणजे पत्राचा अपमान, सबब उत्तर टंकलिखित हवं, असा ठराव त्यांनी स्वतःशीच एकमताने मंजूर केला.

घरात एक लॅपटॉप होता. मुलगी वर्षाली इंजिनिअरिंगला असताना घेतलेला आणि तिने पुण्याला जाताना जुन्या स्वेटरसोबत मागे ठेवलेला. तो सुरू व्हायला इतका वेळ घेई की सहदेवराव बटण दाबून देवपूजा उरकून येत. सुरू झाल्यावर त्यात मराठी लिहिणं हा आणखी एक अनुभव होता. 'प्रि' टाइप करावं, पाणी पिऊन यावं, तेव्हा पडद्यावर 'प' आलेला असे, आणि 'प्रिय' लिहावं की नाही हा प्रश्न तोवर पुन्हा डोकं वर काढी.

फोनवर वर्षालीने साधा उपाय सांगितला. बाबा, फोनवरून मेसेज टाका त्यांना. सहदेवरावांना तो उपाय रुचला नाही. कुणी रोडग्याच्या पंगतीचं आवतन द्यावं आणि आपण त्याच्या घरी बिस्किटाचा पुडा पाठवावा, तसं ते झालं असतं. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात धर्मेंद्र नावाच्या इसमाने यंत्राकडे बघितलं, मग सहदेवरावांकडे बघितलं आणि दोघांबद्दल मिळून एकच मत दिलं: आता यात काही घालू नका. सहदेवराव दिवसभर दुखावलेले होते.

इथे नत्थुजी आले. नत्थुजी म्हणजे शेजारी. अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये जन्मभर फिटर होते. मुलाने साईनगरात घर बांधलं म्हणून अमरावतीला आले, पण यंत्र उघडायची हाताची सवय काही अकोटला राहिली नाही. गल्लीतली एकही शिलाई मशीन, एकही मिक्सर त्यांच्या हातून सुटलेला नव्हता. काही परत सुरूही झाले होते. डाव्या तळहातावर तंबाखू, त्यावर चुना, उजव्या अंगठ्याने मळणं चालू, अशा अवस्थेत त्यांनी लॅपटॉपला कान लावला.

"बॉडी चांगली हाये सहदेवभाऊ," ते म्हणाले, "इंजिन थकलं. इंजिन बदला."

सहदेवरावांना ते एकदम पटलं. इतक्या महिन्यांत प्रथमच कुणी दोष त्यांच्यात न काढता यंत्रात काढला होता. शिवाय इंजिन बदलेपर्यंत उत्तर लिहिण्याचा प्रश्नच येत नाही, हा लाभ वेगळा. नत्थुजींनी दुपारी मोबाइलवर बरेच व्हिडिओ पाहिले आणि संध्याकाळी निर्णय दिला की जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर खोबणीत बसवलेला असतो, स्क्रू ढिला केला की निघतो, त्याच जातीचा मोठ्या ताकदीचा बसवला की झालं. जिनिंगमधल्या यंत्राचा पट्टा बदलण्यापेक्षा सोपं.

प्रोसेसर ऑनलाइन मिळतो असं कळलं. मागवायचं काम पलीकडच्या दामिनीकडे गेलं. दामिनी बँकेत होती, अकोल्याची माहेरवाशीण, लग्न होऊन गल्लीत आलेली, आणि काकांवर तिची माया. तिने आपल्या खात्यातून दोन मिनिटांत मागवून दिला. पैसे घ्यायलाही तयार होईना. या प्रसंगात सहदेवरावांना माणुसकीवर फार विचार सुचले, आणि ते विचार चालू असतानाच दामिनीला समजलं की खात्यात पत्ता माहेरचा होता. पार्सल अकोल्याला गेलं. माहेरची मंडळी चिखलदऱ्याला हवा खायला गेलेली, घराला कुलूप, म्हणून पार्सल कुरिअरच्या गोदामात पडलं. नेणाऱ्याने स्वतः येऊन न्यावं, नाहीतर परत जाईल.

गोदाम कुठे? तर अकोल्यात, आणि अकोल्यात तरी कुठे, तर राऊतवाडीत. वच्छलाबाईंच्या पत्रावरचा पत्ता सहदेवरावांना पाठ होता. तोही राऊतवाडीचाच होता.

दामिनीला रजा मिळेना. नत्थुजींची बायको पार्बताबाई पापडाच्या कामात, आणि ती घरात असता नत्थुजींना गाव सोडायची परवानगी नव्हती. तेव्हा चैत्रातल्या एका सकाळी सहदेवराव कानाला रुमाल बांधून बसमध्ये बसले. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, खिडकीची लोखंडी दांडी हाताला भाजू लागली. ते मनाशी हिशेब मांडत होते. ज्या बाईंना आपण उत्तर दिलं नाही त्यांच्याच गल्लीतून जायचं, आणि त्यांना दिसायचं नाही. आयुष्यात दिसून येण्याचा त्यांनी कधी प्रयत्नच केला नव्हता, त्यामुळे हे जमेल असं त्यांना वाटत होतं.

गोदामातल्या खिडकीत अनुप नावाचा कारकून होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. पार्सल दामिनीच्या नावावर, ओळखपत्र सहदेवचं, आणि दामिनी दिसत नाही. सहदेवरावांनी दामिनीला फोन लावून दिला. अनुपने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि फोन परत देत म्हणाला की आवाज तर कुणाचाही असू शकतो. मग म्हणाला, पार्सल कावून, कशाले पाहिजे, तुमचं नातं काय, सगळा एक अर्ज लिहून द्या, मी साहेबाच्या सहीला ठेवतो.

सहदेवरावांनी कागद घेतला. काउंटरवर ठेवला. 'महोदय' लिहिलं आणि तिथून लेखणी जी सुटली ती सहीपाशीच थांबली. विषय, संदर्भ, दामिनीचा माहेरचा पत्ता कसा शिल्लक राहिला, प्रोसेसर म्हणजे काय, तो वयोवृद्ध अर्जदारास का आवश्यक आहे, सगळं शिस्तीत, समास सोडून. एक शब्द खोडला नाही. अनुपने कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला.

"अक्षर लय भारी हाये काका तुमचं," तो म्हणाला.

सहदेवरावांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात काउंटरवर गुमान पडला होता. जराही कापत नव्हता. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांनी तो खिशात घातला.

साहेबांची सही जेवणानंतर झाली. काडेपेटीएवढा डबा पिशवीत टाकून सहदेवराव बाहेर पडले. ऊन असं होतं की डांबराला चपला चिकटत होत्या. येताना रिक्षाने गल्लीच्या दुसऱ्या टोकाला सोडलं होतं. आता परतीच्या वाटेवर ते घर येणारच होतं. आणि ते आलं. निळं फाटक, अंगणात कडुनिंब, कडुनिंबाखाली खुर्ची आणि खुर्चीत पांढऱ्या केसांची एक व्यक्ती, हातात पुस्तक. पुस्तकाचं पान उलटायची पद्धत सहदेवरावांनी ओळखली. वरच्या कोपऱ्याला बोट लावून.

रस्त्याच्या कडेला टरबुजांची गाडी होती. सहदेवरावांनी ठोकून न पाहता, भाव न करता, सगळ्यात मोठं टरबूज उचललं, पैसे टाकले आणि ते छातीशी नव्हे, तोंडासमोर धरून फाटकावरून चालत गेले. टरबूज जड होतं, समोरचं दिसत नव्हतं, एका सायकलस्वाराने त्यांना काही तरी ऐकवलं. पण ते गेले. मूर्तिजापूरपर्यंत टरबूज मांडीवर घेऊन त्यांनी स्वतःला बजावलं की बाईंनी मान वर केली नव्हती. आणि बडनेऱ्यापर्यंत त्यांना याचं वाईट वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी नत्थुजींनी ओसरीत चादर अंथरली. टरबूज कापलं गेलं, मग लॅपटॉप उघडला गेला. नवीन प्रोसेसर बघून सहदेवराव जरा खट्टू झाले. इतक्या खटाटोपाने आणलेली वस्तू मोठ्या टपाल तिकिटाएवढी होती. सोबत पांढऱ्या लेपाची एक इवलीशी पुडी होती. नत्थुजी म्हणाले, हा लेप इंजिन आणि पंख्याच्या मधात लावायचा, त्यानं गरमी वाहून जाते. त्यांनी पुडी दाबून सगळा लेप एका झाकणावर काढून ठेवला. झाकण त्यांच्याच चुन्याच्या डबीचं होतं. त्या वेळी त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

जुना प्रोसेसर निघाला. नवीन खोबणीत बसला. इथवर काम झालं म्हणून नत्थुजींनी श्वास घेतला, आणि वऱ्हाडातला माणूस काम मधात आल्यावर जे करतो ते केलं. तंबाखूची पुडी काढली, चिमूट तळहातावर घेतली, नजर लॅपटॉपमध्ये ठेवून बोट डबीकडे नेलं, पांढरं उचललं, मळलं, थापटलं आणि ओठामागे सरकवलं.

थोडा वेळ काही झालं नाही. मग नत्थुजींच्या चेहऱ्यावर विचार दिसू लागला. हे सहसा घडत नसे.

"भाऊ, चुना लागून नाई राहिला आज," ते म्हणाले. "थंड लागून राहिला."

दोघांनी एकाच वेळी झाकणाकडे पाहिलं. झाकण स्वच्छ होतं.

मग फार धावपळ झाली. थुंकणं, गुळण्या, पार्बताबाईंचं ताक, पार्बताबाईंचं बोलणं. बोलणं ताकापेक्षा आंबट होतं. दामिनीने पुडीवरचा बारीक मजकूर भिंगातून वाचून काढला. त्यात पोटात घेऊ नये असं होतं, घेतल्यास काय होतं ते नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी काय खाल्लं म्हणून विचारलं तेव्हा सहदेवरावांनीच खाली मान घालून सांगितलं, लॅपटॉपचं मलम. डॉक्टर बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. गिळलं नाही म्हणून निभावलं. तंबाखू सोडा, एवढाच इलाज त्यांनी लिहून दिला, आणि नत्थुजी म्हणाले की डॉक्टर नवीन दिसतो.

पण नत्थुजी माणूस न्यायाचा. दुसऱ्याचं खाल्लं तर आपलं द्यावं, हे त्यांचं तत्त्व. संध्याकाळी त्यांनी आपली डबी उघडली, बोटावर भरपूर चुना घेतला आणि प्रोसेसरवर असा सारवला जसं अंगण सारवतात. सहदेवरावांनी चाचरत विचारलं की चुना चालेल का? नत्थुजींनी विचारलं, यात काय काळं हाये? थेही पांढरं, हेही पांढरं. आमच्या घराच्या गच्चीले दर उन्हाळ्यात चुना मारतो, घर थंड राह्यते का नाई? सहदेवरावांनी स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला. लॅपटॉप बंद झाला. तीन स्क्रू उरले. नत्थुजींनी ते शर्टाच्या खिशात टाकले, प्रसादासारखे.

आणि लॅपटॉप सुरू झाला. असा सुरू झाला की सहदेवराव देवपूजेला उठेपर्यंत तो तयार होऊन बसला होता. 'प्रि' टाइप केलं की 'प्रि' हजर. आणि मग एक भयंकर गोष्ट सहदेवरावांच्या ध्यानात आली. आता उशीर करणारं त्या खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. पडद्यावरची ती उभी रेघ लुकलुकत होती, लुकलुकत होती, जशी एखादी शिक्षिका पाटीवर छडी टेकवून उत्तराची वाट पाहते. सहदेवराव घामाघूम झाले.

लॅपटॉपही झाला. थोड्याच वेळात तो इतका तापला की टेबलावरच्या शब्दकोशाचं कव्हर मऊ पडलं. मग काही न सांगता तो बंद झाला. सहदेवरावांनी सोडलेला निःश्वास समाधानाचा होता, हे त्यांनी नत्थुजींना सांगितलं नाही.

नत्थुजींचं निदान तयार होतं. इंजिन दमदार आहे, गरमी धरते, हवा लागते. आणि वैशाखाच्या तोंडावर वऱ्हाडात हवा म्हणजे कूलर. गल्लीत माणसं, मांजरं, पापड, बाळंतिणी, सगळं कूलरसमोर ठेवलं जाई. लॅपटॉपने काय पाप केलं होतं? त्यांनी आपला पत्र्याचा मोठा कूलर ढकलत आणला, नवीन गवताच्या ताट्या लावल्या आणि त्याच्या पुढ्यात स्टुलावर लॅपटॉप ठेवला. खरोखर लॅपटॉप थंड राहिला. सहदेवराव शाल गुंडाळून लिहायला बसले.

त्या दुपारी त्यांना लिहायचं सुचलं. कशामुळे ते त्यांनाही कळलं नाही. मायना सोडूनच दिला आणि सरळ सुरुवात केली. अर्जाचं लिहिलं, अनुपचं लिहिलं, टरबुजाचं लिहिलं, टरबुजामागून कडुनिंब कसा दिसला तेही लिहिलं. नत्थुजींना थंड लागलेला चुना लिहिताना ते एकटेच हसले. ती टाळी कौतुकाची होती की थट्टेची, हेही विचारून टाकलं. पानामागून पान सरकत गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सहदेवरावांना वाटलं की आपण कुणाशी तरी बोलतोय.

बाहेरून नत्थुजी ओरडले, भाऊ, टाकीतलं पाणी संपलं वाटते, भरून देऊ का? सहदेवरावांनी वाक्याच्या मधात असताना हुंकार भरला. नत्थुजींनी नळी टाकीत सोडली आणि कुणीतरी मिक्सरबद्दल विचारायला आलं म्हणून त्याच्याशी बोलत उभे राहिले. टाकी भरली. भरून वर आली. पाणी पंख्याच्या पात्यांना लागलं आणि पात्यांनी ते जिथे हवा टाकायची तिथे टाकलं.

लॅपटॉपमधून एक बारीक आवाज आला, कुणी जीभ टाळ्याला लावून 'च्च' करावं तसा. पडदा काळा झाला. कडेच्या फटीतून पांढरं पाणी ओघळलं. चुना होता.

दामिनी धावत आली. तिने आधी काकांना टॉवेल दिला आणि मग, जपून, विचारलं की सेव्ह केलं होतं का. सहदेवरावांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने पुन्हा विचारलं नाही.

ओसरीत तिघं बसले. अखाजी परवावर आली होती. नत्थुजी पहिल्यांदाच ओशाळले होते. तंबाखूही मळत नव्हते. त्यांनी विचारलं, लिहून तरी काय राहिले होते भाऊ एवढं? आणि ओल्या बंडीत बसलेल्या सहदेवरावांनी, लाज वाटायचंही त्राण उरलं नसल्यामुळे, सगळं सांगून टाकलं. पत्र, संमेलन, अखाजी, एक शब्द. शब्दकोशातून पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. नत्थुजींनी ते अक्षर लावत लावत वाचलं, घडी केली आणि परत दिलं.

"मग त्या एवढ्या पानांत थो शब्द लिहिला होता का?"

सहदेवराव आठवू लागले. टरबूज होतं. चुना होता. कडुनिंब होता.

"नव्हता," ते म्हणाले.

"तुमाले जायचं हाये का नाई?"

इतका सरळ प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःही विचारला नव्हता. त्यांनी मान हलवली. नाही अशी नव्हे.

"मग एक शब्द हाये भाऊ," नत्थुजी म्हणाले. "एका शब्दाले जिनिंग फॅक्टरी लागत नाई."

टेबलाच्या खणात पोस्टकार्डं होती. सहदेवरावांकडे नेहमीच असत. त्यांनी एकावर पत्ता लिहिला, उलटवलं, आणि मायन्याची जागा कोरी सोडून मधोमध 'येतो' असं लिहिलं. खाली सहदेव. हात कापला नाही. नत्थुजींनी कार्ड उन्हात धरून शाई वाळवली आणि वाचून पाहिलं, कारण पोस्टकार्ड सगळ्यांचंच असतं.

पुढचा प्रश्न दामिनीने काढला. इथून टाकलं तर अखाजीपर्यंत पोचेल का? कुणालाच खात्री देता येईना. आणि अखाजी टळली की 'नाही' झालंच. तेव्हा सहदेवरावांनी एक योजना आखली. आपण स्वतः अकोल्याला जायचं आणि कार्ड तिथल्याच पेटीत टाकायचं, म्हणजे गावातल्या गावात ते दुसऱ्या दिवशी पोचेल. दामिनी म्हणाली की एवढं गेलात तर घरीच का नाही देत. सहदेवरावांनी समजावून सांगितलं की उत्तर आणि उत्तर देणारा एकदम दारात जाणं बरं दिसत नाही. उत्तराने आधी जावं. दामिनीने नत्थुजींकडे पाहिलं. नत्थुजी म्हणाले, जाऊ दे, इंजिन सुरू झालं हाये, मधात हात घालू नको.

अखाजीच्या आदल्या दिवशी सहदेवराव पुन्हा त्याच बसमध्ये होते. कार्ड खिशात होतं आणि दर थांब्यावर ते खिसा चाचपत होते. राऊतवाडीच्या तोंडाशी टपालाची लाल पेटी होती, मागच्या खेपेला त्यांनी हेरून ठेवलेली. ती निळ्या फाटकापासून चार घरं अलीकडे, सुरक्षित अंतरावर होती. टरबुजाची गाडी आज नव्हती. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कार्ड काढलं, पेटीच्या फटीपाशी नेलं, आणि तिथेच थांबले. 'येतो' जरा जास्तच मोठं लिहिलं गेलं का? 'येईन' सौम्य झालं असतं. अजून बस स्टँडवर नवीन कार्ड घेऊन...

"आज टरबूज नाई आणलं?"

मागे वच्छलाबाई उभ्या होत्या. हातात भाजीची पिशवी, पिशवीतून कोथिंबीर बाहेर आलेली. केस पांढरे झाले होते. पाहणं तेच होतं.

सहदेवरावांनी आयुष्यातलं दुसरं भाषण सुरू केलं. ते 'वच्छला' या शब्दावर थांबले. 'बाई' म्हणायचं राहून गेलं.

"मागच्या महिन्यात याच गल्लीतून टरबुजाले पाय फुटून चालले होते," त्या म्हणाल्या. "चपला ओळखल्या मी. पाय आत वळवून चालायची सवय गेली नाई तुमची. मले वाटलं, टरबूज घेऊन आले म्हणजे घरीच येतात. विळी काढून ठेवली होती."

सहदेवरावांना टरबुजाचं मोल त्या क्षणी कळलं. आपण ते नत्थुजींना खाऊ घातलं, याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर एवढं स्पष्ट दिसलं असावं की वच्छलाबाई हसल्या. हे हसणं थट्टेचं होतं. त्यात कौतुकही होतं. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे सहदेवरावांना इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, आणि संमेलनातल्या टाळीचा प्रश्न तिथेच, पेटीपाशी, सुटला.

"माझ्या पत्राचं उत्तर होये का थे?" त्यांनी कार्डाकडे बोट केलं.

सहदेवरावांनी मान हलवली आणि कार्ड त्यांच्यापुढे धरलं. वच्छलाबाईंनी घेतलं नाही. दोन्ही हात पिशवीच्या बंदांत अडकवून घेतले आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

"असं नाई. मी पत्र टपालानं पाठवलं होतं. उत्तर टपालानंच पाह्यजे. संक्रांतीपासून पोस्टमनले विचारून राहिली मी, त्याले तरी एकदा हो म्हणू द्या."

"पण मग आज..." सहदेवराव म्हणाले.

"आज मले काहीच माहीत नाई, तुम्ही येता का नाई थे. उद्या कार्ड आलं म्हणजे समजन. तवर पन्हं करून ठेवलं हाये, थे प्या. उन्हात उभं राहून कोणाले उत्तरं सुचत नाई."

आणि त्या निळ्या फाटकाकडे चालू लागल्या. मागे न पाहता, सावकाश, कुणीतरी मागून येणार आहे अशा बेताने.

सहदेवरावांनी कार्ड फटीत सरकवलं. सवयीने क्षणभर त्याचं टोक धरून ठेवलं. मग सोडलं. आत कार्ड पडल्याचा आवाज इतका लहान होता की एवढ्यासाठी लॅपटॉप जळावा, चुना वाहावा आणि नत्थुजींनी मलम खावं, हे कुणाला खरं वाटलं नसतं. त्यांनी पेटीवर एकदा थाप मारून पाहिली, आणि पाय आत वळवत, भराभर, कोथिंबिरीच्या मागे निघाले.